आमच्या साडूंचा बंपर

समुद्र आणि डोंगर यांच्यामधल्या आमच्या या पट्ट्यात, डहाणूच्या खाडीपासून तलासरीच्या पलीकडे गुजरातची हद्द लागेपर्यंत, आमच्या साडूंइतका काळजी करणारा माणूस दुसरा जन्मला नसावा. आणि अशा माणसाच्या पदरात, त्याच्या घरच्या पुष्कळ काळज्या असताना, आणखी एक काळजी मी टाकली, जी संपूर्ण खोटी होती. त्यांच्या जीपचा नवा अ‍ॅल्युमिनियमचा बंपर मी ठोकला. तो आपणच ठोकला असे त्यांना वाटू लागले, आणि ते तसे वाटू देत मी पावसाळ्याच्या तोंडापासून थंडी सरेपर्यंत गप्प बसलो. हे आधीच सांगून टाकतो, कारण पुढे त्यांच्याविषयी मी जे हसत हसत लिहिणार आहे ते वाचताना वाचकाने माझ्या बाजूचे होऊ नये, अशी माझी मनापासून इच्छा आहे.

त्यांची पत्नी आणि माझी पत्नी सख्ख्या बहिणी. थोरली, म्हणजे आमच्या ताई, त्यांच्या घरी, धाकटी माझ्या घरी. मी त्यांना ‘भाई’ म्हणतो आणि ते मला ‘मास्तर’ म्हणतात, कारण मी डहाणूच्या एका शाळेत भूगोल शिकवतो. वरोरच्या बाजूला त्यांची चिकूची वाडी आहे, समुद्राचा वारा न विचारता स्वयंपाकघरापर्यंत येतो अशी. आणि तिकडे तलासरी तालुक्यात झरीला आईकडून आलेला भातशेतीचा एक तुकडा आहे. म्हणजे एका टोकाला खारे पाणी आणि दुसऱ्या टोकाला डोंगरातले ओहोळ, आणि मध्ये साडू, दोन्हींची काळजी करत. वारा सुटला की झाडे पडतील म्हणून ते अस्वस्थ होतात, आणि वारा पडला की तो कुठेतरी साठत असणार म्हणून. त्यांच्याकडून निघालेला पाहुणा घरी पोचला की नाही हे विचारण्यासाठी ते फोन करतात. यात वावगे काही नाही. पण तो फोन ते पाहुणा पोचण्याच्या पुष्कळ आधी करतात. मी सरावलीला राहतो. त्यांचा फोन घ्यायला मला स्कूटर थांबवावी लागते, त्यामुळे पोचायला उशीर होतो, आणि उशीर झाला म्हणून दुसरा फोन येतो. असा कित्येकदा मी त्यांच्या काळजीपायी त्यांच्याच काळजीत भर घालत घरी पोचलो आहे. वरोरच्या किनाऱ्यावर मासळी घेताना ते पापलेट आजचे की कालचे, नक्की आजचे ना, बर्फात किती वेळ होते, असे विचारत राहतात. शेवटी एकदा एक कोळीण पाटीवरून मान वर न करता म्हणाली, “दादा, मासा मेलाय. त्याला कसला घोर नाय. तुलाच एवढा कशापायी?” हे त्यांनी घरी येऊन स्वतःच मला सांगितले, आणि तिचे म्हणणे बरोबर असावे का याचाही विचार करत बसले.

अशा माणसाने डोंगरदऱ्यांत फिरवायची, चारही चाकांना ताकद पोचणारी दांडगी जीप घ्यावी याचे लोकांना नवल वाटे. मला वाटले नाही. लोक अशी गाडी साहसासाठी घेतात. आमच्या साडूंनी ती भीतीपोटी घेतली. झरीच्या वाटेवर चिखल लागला तर, ओहोळाला पाणी आले तर, समोरून दगडांचा ट्रक आला आणि कडेला उतरावे लागले तर, या सगळ्या ‘तर’ची बेरीज म्हणजे ती जीप. घेतल्यावर त्यांनी तिला कधी धाडसाला लावले नाही. रस्ता जरा खराब दिसला की ते गाडी थांबवत, काठी घेऊन उतरत, खड्ड्यात काठी टेकवून खोली पाहत, परत येत, गिअर टाकत आणि गोगलगायीच्या बेताने तो पार करत. एकदा त्यांचे हे निरीक्षण चालू असताना एक म्हशींचा कळप आम्हाला ओलांडून पुढे गेला, आणि त्यांतली शेवटची म्हैस वळून आमच्याकडे पाहत होती असे मला अजून वाटते.

या सावधपणानेच त्यांचा मूळचा प्लास्टिकचा बंपर गेला. डावीकडचा खड्डा ते उतरून नीट पाहून आले, आणि उजवीकडच्या सागाच्या खुंटाने बंपर अर्धा उपटून ठेवला. कंपनीचा तसलाच दुसरा बसवता आला असता. पण एकदा मोडलेली वस्तू पुन्हा तशीच मोडेल ही नवी काळजी आता जन्माला आली होती, आणि साडूंनी बाजारातला भक्कम बंपर बसवायचे ठरवले. ठरवले म्हणजे काय, ठरवायला बसले. लोखंडाचा बंपर मजबूत. पण त्यांच्या फाटकाचे गज खाऱ्या वाऱ्यात दरवर्षी पापुद्रे सोडत, ते त्यांच्या डोळ्यांसमोर होते. शिवाय लोखंड जड. पुढून गाडी वाकली तर दिवे रस्त्याऐवजी जमिनीकडे पाहतील. तोंडावर नळ्यांची शिंगे असलेला बंपर तर नकोच. त्याला कायद्याने बंदी आहे, आणि बंदी नसती तरी वाटेतल्या माणसाला तो लागला तर? अ‍ॅल्युमिनियम हलके, गंजत नाही. पण मग टक्कर झाल्यावर आतली हवेची पिशवी वेळेवर उघडेल ना? तलासरीला महामार्गाच्या कडेला ज्यांचे गॅरेज आहे त्या मिस्त्रींना त्यांनी आपली अपेक्षा सांगितली, की गाडीही वाचली पाहिजे आणि गाडीसमोर येणाराही. मिस्त्रींनी थोडा विचार करून सांगितले, “शेठ, मग गाडी घरीच ठेवा.”

साडूंनी याला सल्ला मानला नाही. त्यांनी घरी जाऊन प्रयोग केला. एका बादलीत समुद्राचे पाणी भरून त्यात त्यांनी स्वयंपाकघरातला लोखंडी तवा आणि अ‍ॅल्युमिनियमचे पातेले बुडवले आणि बादली गच्चीवर ठेवली. ताई भाकरीसाठी तवा शोधत घरभर फिरल्या. शेजारणीने नेला असेल म्हणून तिच्यावर रुसल्यासुद्धा. आठवड्याने साडूंनी तांबूस झालेला तवा विजयी मुद्रेने खाली आणला. ताईंनी त्याच्याकडे, मग यजमानांकडे पाहिले. “तुमच्या बंपरापायी माझा तवा गेला,” एवढेच त्या म्हणाल्या. पण पातेल्यावरही पांढरे ठिपके आले होते, आणि त्या ठिपक्यांनी साडूंची झोप उडवली. अखेर ते माझ्याकडे आले. माझ्याविषयी त्यांचा एक समज होता. मी कमी बोलतो म्हणजे पुष्कळ विचार करतो, असे ते सर्वांना सांगत. खरे तर बोलून कोणाच्या मनाविरुद्ध जाण्याची मला लहानपणापासून धास्ती आहे. त्या धास्तीलाच लोकांनी सौम्यपणा हे नाव दिले आणि मी ते आनंदाने मिरवले. त्या दिवशी त्यांनी लोखंड की अ‍ॅल्युमिनियम असे विचारले, तेव्हा मला काहीही मत नव्हते. मी गप्प राहिलो. साडू माझ्या चेहऱ्याकडे बराच वेळ पाहत राहिले आणि मग मोकळा श्वास सोडून म्हणाले, “बराबर. अ‍ॅल्युमिनियमच.”

बंपर बसवायच्या दिवशी मी बरोबर होतो. साडूंनी घरून स्टूल, छत्री, डबा आणि मोजपट्टी आणली होती. काळा रंग भाजून पक्का केलेला तो बंपर मिस्त्रींनी गाडीच्या तोंडाशी धरला की साडू म्हणत, डावीकडे जरा वर. डावीकडे वर केला की उजवीकडे दाताच्या फटीएवढी फट दिसे. असे बरेच वेळा झाल्यावर मिस्त्रींनी तो खाली ठेवला, घाम पुसला आणि विचारले, “शेठ, ही कवळी हाय की बंपर?” साडू हसले, पण फट त्यांच्या मनातून गेली नाही. अ‍ॅल्युमिनियम आणि लोखंड खाऱ्या हवेत एकमेकांना चिकटून राहिले की अ‍ॅल्युमिनियम कुरतडले जाते, म्हणून मध्ये नायलॉनच्या चकत्या घालायच्या असतात. त्या घातल्याही होत्या. परंतु एका बोल्टाखालची चकती जाताना साडूंनी पाहिली नव्हती, कारण त्याच क्षणी त्यांना शिंक आली होती. तो बोल्ट पुन्हा काढायला लावला. चकती होती. मिस्त्री गुजरातीत काहीतरी पुटपुटले. साडूंना गुजराती उत्तम येते; त्यांनी मान डोलावून ते मान्य केले आणि मला मात्र त्याचा अर्थ सांगितला नाही. घरी आल्यावर प्रत्येक बोल्टावरून शेजारच्या धातूवर जाईल अशी त्यांनी ताईंच्या नेलपॉलिशची एकेक लाल रेघ ओढली. बोल्ट ढिला झाला तर रेघ तुटलेली दिसावी, हा हेतू. तेव्हापासून रोज सकाळी चहाच्या आधी ते गाडीपुढे उकिडवे बसत आणि एकेक रेघ पाहत. वाडीतले गडी याला भाईंची पूजा म्हणत.

आता मी केले ते. पावसाळा तोंडावर होता. साडूंना ताप आला होता आणि झरीच्या शेतावरचा पाण्याचा पंप ओहोळ भरण्याआधी आणायला हवा होता. त्यांनी जीपची किल्ली माझ्या हाती दिली. ती किल्ली त्यांनी आजवर कोणालाही, स्वतःच्या मेहुण्यालासुद्धा, दिली नव्हती. “तुम्ही आहात म्हणून घोर नाही,” असे ते पांघरुणातून म्हणाले. मी जपून गेलो, पंप चढवला, आणि परत फिरताना शेताच्या बांधावर रोवलेला हद्दीचा दगड मला गवतात दिसला नाही. आवाज मोठा झाला नाही. खाली उतरून पाहिले तर बंपरचे डावे टोक पुस्तकाच्या पानाचा कोपरा दुमडावा तसे आत गेले होते. लोखंड असते तर कदाचित खरचटून सुटले असते; प्लास्टिक दबून पुन्हा वर आले असते. आसपास एक शेळी तेवढी होती. येताना वाटभर मी वाक्ये जुळवली. पण वाडीत पोचलो तेव्हा साडू झोपले होते, ताई पंप उतरवून घेण्यात गुंतल्या होत्या, आणि मी जीप शेडमध्ये अशी लावली की डावी बाजू भिंतीकडे गेली. उद्या सांगू, असे स्वतःला म्हणालो. गाडी तशी लावली त्या क्षणीच माझे ठरले होते, हे मला आज कळते.

दुसऱ्या दिवशी ताईंनी त्यांना घाईघाईने डहाणूला रक्त तपासायला जायला लावले. अंगात कसकस होती, त्यामुळे सकाळची पूजा राहिली. गाडी तेच चालवत गेले, तेच चालवत आले. आणि संध्याकाळी बरे वाटले म्हणून गाडीपुढे जाऊन बसले, तेव्हा त्यांना तो दुमडलेला कोपरा दिसला. एखाद्या माणसाने आदल्या दिवशी गाडी नेणाऱ्यावर पहिला संशय घेतला असता. साडूंच्या मनाला तो शिवलाही नाही. मास्तरांकडून काही झाले असते तर मास्तरांनी सांगितले असते, हे त्यांच्या हिशेबात इतके पक्के होते की उरलेली एकच शक्यता त्यांनी मान्य केली. आपण कुठेतरी धडकलो आणि आपल्याला ते आठवत नाही.

ही शक्यता त्यांच्यासाठी काय होती, ते मला ठाऊक होते. त्यांचे वडील अखेरच्या वर्षांत आपल्याच वाडीत वाट चुकत. स्वतः लावलेल्या झाडाखाली उभे राहून ही कोणाची वाडी, असे विचारत. साडूंनी जगातल्या सगळ्या गोष्टींची काळजी बोलून दाखवली होती. ही एक मात्र कधी उच्चारली नव्हती. ते सरावलीला माझ्या घरी आले, चहा नको म्हणाले, आणि माझ्या पत्नीची पाठ वळल्यावर हलक्या आवाजात त्यांनी विचारले, “मास्तर, ते सुरू झालं की माणसाला स्वतःला कळतं का हो?” त्याच वेळी मला सांगता आले असते. एका वाक्याचे काम होते. मी म्हणालो, “ताप होता ना तुम्हाला. तापात लक्ष राहत नाही.” बंपर ठोकला तो अपघात होता. हे वाक्य मात्र मी विचार करून बोललो. त्यांनी ठोकला हे मी त्यात गृहीत धरले, आणि वर त्यांना दिलासा दिल्याचे समाधानही घेतले.

त्यानंतर त्यांनी स्टिअरिंगला हात लावला नाही. भाताची कापणी पाहायला ते झरीला गेले नाहीत. फोन येईनासे झाले. मी घरी पोचलो की नाही हे विचारायला कोणी उरले नाही, आणि त्या शांततेत स्कूटर चालवणे मला जड जाऊ लागले. ते ओटीवर बसून स्वतःची परीक्षा घेत. दोन्ही घरांच्या लग्नांतल्या मानकऱ्यांची नावे, वाडीतल्या कोणत्या ओळीत किती झाडे, सगळे म्हणून पाहत. एकदा मलाच म्हणाले, की तुम्ही भूगोलाचे मास्तर, तुम्ही विचारा. मी आपल्या जिल्ह्यातल्या नद्या विचारल्या. त्यांनी सूर्या, वैतरणा, पिंजाळ, देहर्जे अशी सगळी नावे सांगितली आणि माझ्या लक्षात नसलेला एक ओढाही सांगितला. मी त्यांना पैकीच्या पैकी गुण दिले. ते कसनुसे हसले आणि म्हणाले, जुनं राहतं मास्तर, नवं जातं. बाबांचंही तसंच होतं. मी परीक्षक म्हणून समोर बसलो होतो, आणि उत्तरपत्रिका त्यांची नव्हतीच. आता इतके दिवस गेल्यावर सांगायचे कसे, या प्रश्नाआड मी आणखी दिवस लपवत गेलो.

थंडी सरता सरता ताईंनी आम्हाला दुपारच्या जेवणाला बोलावले. जेवण झाल्यावर वापीहून एक गृहस्थ जीप पाहायला यायचे होते. साडूंनी ती विकायला काढली होती, आणि झरीचे शेतही कसायला देऊन टाकायचे मनात होते. डोके शाबूत आहे तोवर आवराआवर केलेली बरी, असे त्यांनी ताईंना सांगितले होते. गृहस्थ आले, जीपभोवती फिरले आणि डाव्या कोपऱ्याशी थांबले. इथे काय लागले, असे त्यांनी विचारले. तो अगदी साधा व्यवहारातला प्रश्न होता. साडूंनी दोन्ही हात मागे बांधले. “मीच लावलं,” ते म्हणाले. “कुठे ते मला आठवत नाही. हल्ली आठवत नाही मला. तुम्ही गाडी घेताय, तर तुम्हाला सांगणं बराबर.” गृहस्थ संकोचून जमिनीकडे पाहू लागले. ताई सरबताचा ट्रे घेऊन येत होत्या, त्या तिथेच थांबल्या. एका परक्या माणसापुढे साडू न केलेली गोष्ट कबूल करत होते, आणि ती केलेला मी हातात रुमाल धरून उभा होतो.

“भाईंनी नाही,” मी म्हणालो. “मी लावलं. झरीच्या दगडाला.”

साडूंनी माझ्याकडे पाहिले. त्यांच्या नजरेत राग असता तर मी तो सोसला असता. तिथे कृतज्ञता होती. “राहू द्या मास्तर,” ते म्हणाले. “माझ्यासाठी तुम्ही खोटं बोलू नका. तुम्हाला शोभत नाही.”

माझ्या बायकोला माझा चेहरा वाचता येतो. मी खरे बोलतोय हे तिला कळले, आणि तिने पुढे होऊन ताईंच्या हातातला ट्रे घेतला. वापीच्या गृहस्थांची मी क्षमा मागितली, त्यांना आज व्यवहार होणार नाही असे सांगितले, आणि साडूंना जीपमध्ये शेजारी बसवून झरीला निघालो. वाटेत मी सगळे सांगत होतो आणि ते खिडकीबाहेर पाहत होते. त्यांचा विश्वास बसत नव्हता. शेतात भाताची नुसती खोडे उरली होती, त्यामुळे बांधावरचा दगड आता उघडा होता. मी जीप हळूहळू त्याच्याजवळ नेली. साडू उतरले. आधी त्यांनी दगडापुढे उकिडवे बसून तो न्याहाळला. दगडाच्या कडेला एका खाचेत काळ्या रंगाचा बारीक ओरखडा अजून होता. मग त्यांनी वीत टाकून दगडाची उंची मोजली, त्याच वितीने बंपरचा दुमडलेला कोपरा मोजला, पुन्हा दगड मोजला, पुन्हा कोपरा मोजला, आणि मला गाडी आणखी तसूभर पुढे घ्यायला सांगितले. कोपऱ्याच्या खळग्यात दगडाचे टोक चपखल बसले.

“बराबर बसतं,” ते म्हणाले. मग पुन्हा, स्वतःशीच, “बराबर बसतं.” ते तसेच खाली बसले, बांधावर, धोतराची फिकीर न करता. त्यांचे खांदे हलत होते. हसत होते की रडत होते ते मला कळले नाही, आणि बहुधा त्यांनाही कळत नसावे. इतके महिने ज्या माणसाने आपले मन आपल्या हातून निसटताना पाहिले होते, त्याला ते जिथल्या तिथे असल्याचे या दगडाने सांगितले होते. ते मी सांगायला हवे होते. मध्ये गेलेली भाताची कापणी, ओटीवरच्या त्या परीक्षा, ताईंनी उशाशी जागून काढलेल्या रात्री, यांतले काहीच मला परत देता येणार नव्हते.

थोड्या वेळाने साडूंनी डोळे पुसले आणि वर पाहिले. त्यांच्या कपाळावर ती जुनी आठी परत आली होती. “मास्तर,” ते काळजीने म्हणाले, “तेव्हा तुम्हाला काही लागलं नव्हतं ना? पट्टा लावला होता?”

मी हो म्हणालो, आणि ते निःश्वास टाकून उठू लागले. त्यांच्यापुरता विषय संपला होता. ते मला काहीच विचारणार नव्हते; आनंदाच्या भरात त्यांनी माझ्यासाठी दार सताड उघडे ठेवले होते, आणि त्यातून गुपचूप बाहेर पडणे मला आयुष्यभराच्या सवयीने सहज जमले असते. मी त्यांचा हात धरून त्यांना पुन्हा खाली बसवले, त्यांच्यासमोर बसलो, आणि शेजारच्या बांधावर गवत कापणाऱ्या बायका मान वर करून पाहतील एवढ्या आवाजात म्हणालो, “भाई, माझं चुकलं. गाडी लागली, ते सोडा. तुम्ही माझ्या दारात येऊन मला विचारलंत, आणि मला ठाऊक असून मी तुम्हाला खोटं सांगितलं. तुम्ही इतके महिने स्वतःला भीत राहिलात, ते माझ्यामुळे. मला माफ करा.”